लेहले जायचा महिना

माझ्या साळीचं, म्हणजे बायकोच्या लहान बहिणीचं, सासर लेहला आहे. लेह म्हणजे पार तिकडे लडाखात, जिथं झाड नाही, पाऊस नाही, नुसते मातीगोट्याचे डोंगर. आमच्या चामोर्शीकडे गावाच्या मागं लगेच जंगल सुरू होते. तिनं पाठवलेले फोटो पाहून शेजारचा म्हातारा मला म्हणाला होता, "काहो, तिथचे लोक सरपण कुठून आणते?"

साळी पुण्याला नोकरीला गेली, तिथंच त्या लेहच्या पोराशी ओळख झाली आणि लग्न झालं. लोकांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं. बोलोत बापडे. पोरगा सोन्यासारखा आहे. माझी सासू वारली तेव्हा ही साळी अगदी लहान. माझ्या बायकोनंच तिला लेकीसारखी वाढवली, म्हणून आमचं घर हेच तिचं माहेर. लग्नानंतर दोनदा येऊन गेली. दुसऱ्या खेपेला निघताना दारात थांबून बहिणीला म्हणाली, "बाई, आता तू माह्या घरी आल्याशिवाय मी इथी पाय ठेवत नाई. सासरचे इचारते, तुह्या माहेरचं कोणी काऊन येत नाई? मी काय सांगू त्याइले?"

बोलणं खरं होतं. लेक दिली की तिचं घर एकदा पाहून यावं लागते, तिची चूल कुठं, पाणी कुठं. त्यात हिनं परक्या मुलखात, परक्या लोकांत घर केलेलं. आम्ही गेलो नाही म्हणजे आम्हाला ते लोक पसंत नाहीत, असाच अर्थ निघणार. बायकोनं त्याच दिवशी ठरवलं की जायचं. कधी जायचं, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

एवढंच म्हणे! साळी सांगायची, जून ते सप्टेंबर या, तेवढेच महिने तिकडे माणसाचे. आणि नेमके तेच महिने आमच्याकडे धानाचे. मृगात रोपांसाठी पऱ्हे टाका, मग ती रोपं उपटून रोवणी, रोवणी आटोपली की निंदण. "जुलैत या न भाऊजी, खुबानी पिकून राह्यते," ती म्हणायची. "रोवणी टाकून खुबानी खायले येऊ का?" मी फोनवर ओरडायचो. रोवणीला बाया मिळाव्या म्हणून घरोघरी हात जोडत फिरावं लागते, आणि हिला तिथं बसून वाटे की एक साल दुसऱ्यावर सोपवलं की झालं. मी मोकळा होतो जानेवारीत. जानेवारीत तिकडे नळातलं पाणी गोठते. एप्रिल-मे म्हटलं तर आमच्याकडे मोहफूल, त्याच्या मागोमाग तेंदूपत्ता, आणि त्या दिवसांत जंगलात गेलं नाही तर पुढं काय खायचं? अशी सालं गेली. दर वेळी आमचं कारण खरं होतं. दर वेळी तिचा आवाज थोडा थोडा उतरत गेला, आणि मग तिनं विचारायचंच सोडलं.

यंदा उन्हाळ्यात बायको हट्टाला पेटली. "अजी, धान का पळून जाते? माही बहीण चालली हातातून." तिनंच वाट काढली. पोळा झाला आणि निंदण सरलं की कापणीपर्यंत जरा फट असते, आणि तिकडे तेव्हा सप्टेंबर, ऊन चांगलं, रस्ते उघडे. साळीला सांगितलं तर ती फोनवर रडायलाच लागली. मी म्हटलं, अवं रडतं काऊन, येऊन राह्यलो ना! तिच्या सासूनं आमच्यासाठी नवी रजई भरायला टाकली म्हणे. इकडे बायकोनं लाखोळीची डाळ निवडून डब्यात भरली आणि बाजारात जाऊन स्वेटर मागितला. भर मे महिन्यात! दुकानदारानं माळ्यावरून काढून दिला आणि विचारलं, "बाई, हिवताप आला का जी?" घरी येऊन तो स्वेटर घालून ती आरशासमोर उभी राहिली, घामानं निथळत, हसत. इतकी खूश मी तिला क्वचितच पाहिली.

बायकोला सिकल आहे. रक्ताचा आजार, जन्माचा. आमच्या भागात घरोघरी सापडतो. मधूनच हातपाय असे ठणकतात की ती भिंतीला डोकं टेकून बसते, मग कळ उतरते, की ही पुन्हा धानाच्या बांधीत. बहिणीला तो नाही. रोवणी संपता संपता बायको नेहमीच्या गोळ्या आणायला सरकारी दवाखान्यात गेली, आणि थंडीसाठी काही जास्तीचं औषध लागते का ते विचारावं म्हणून मीही सोबत गेलो.

"मॅडम, लेहले जाऊन राह्यलो," मी ऐटीत सांगितलं. "सप्टेंबर बरा राहील न?"

डॉक्टरीणबाईंनी हातातला पेन खाली ठेवला. मग समजावून सांगू लागल्या. थंडीचं सोडा, म्हणाल्या, उंचीला भ्या. तिथं हवाच विरळ. धडधाकट माणसालाही दम लागतो, आणि सिकलवाल्याचं रक्त तिथं नसांत अडकते, जीवसुद्धा जाऊ शकते.

"मंग जूनमध्ये गेलं तर?"

"काका, डोंगर जूनमध्ये खाली येत नाही."

"गोळ्या वाढवून द्या."

"गोळ्यांनी होणार नाही."

"मंग कोणता महिना चालते, ते तरी सांगा ना!" माझा आवाज चढला, बाहेर बसलेले लोक डोकावले.

"कोणताच नाही, काका."

त्या रागावल्या असत्या तर मी भांडलो असतो. त्यांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला कुठं पाहावं ते कळेना. घरापर्यंत मी शिव्या देत आलो. कोणाला देत होतो, देव जाणे. पावसाला देता येतात, मजुराला देता येतात, डोंगराला कशा देणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं फोन लावला आणि बहिणीला सगळं सरळ सांगून टाकलं. मला ऐकू यावं म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. तिकडून साळी म्हणाली,

"सिकल तर तुले जन्मापासून हाये, बाई. आताच काऊन आठवला?"

"मले मालूम नव्हतं व माय. कोणी सांगतलंच नाई."

"पयले रोवणी. मंग थंडी. मंग तेंदू. आता बिमारी." ती ओरडत नव्हती. "नाई यायचं तर नाई म्हणा न. मी का बांधून नेऊन राह्यली?"

मी मध्ये तोंड घातलं. "अवं, डॉक्टरनं सांगतलं. तिच्या जिवाचं हाये. मी येतो ना एकटा, पोळा झाला की येतो."

"तुमी या भाऊजी, तुमचंच घर हाये. पण तिनं मले वाढवली. इथी सारे तिची वाट पाहून राह्यले."

आधीची सगळी कारणं खरी होती, हेही खरं, आणि आता एकही खरं वाटत नव्हतं. खोटं बोललो असतो तर निदान पाय धरून माफी मागता आली असती.

"आता तूच सांग माह्या सासूले," साळी म्हणाली आणि तिनं फोन सासूच्या हातात दिला.

साळीच्या सासूबाईंना आमची भाषा येत नाही, मोडकं हिंदी येते; थंडीमुळं येणं लांबलं, एवढंच त्या समजल्या होत्या. "दीदी," त्या म्हणाल्या, "ठंड से डरना मत. कमरे में अंगीठी है, रजाई भी नई है. अभी नहीं होता तो कोई बात नहीं. आप महीना बोलो. जो आप बोलो, वो महीना."

बायकोनं फोन दोन्ही हातांत घट्ट धरला.

"जी," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा, "जी."

तिकडे सासूबाई महिन्याचं नाव ऐकायला थांबून होत्या.