शिशाच्या कढईतल्या दोन नळ्या

मोतीराम गेल्याचं पत्र जळगावहून आलं तेव्हा मी वर्गावर होतो. वाचून खिशात ठेवलं आणि तास पुरा केला. रडू आलं नाही. पहिल्यांदा मनात आलं ते हे, की आता तो माझ्या पुढे जाणार नाही... हे वाक्य कागदावर उतरायला दीड महिना लागला.

आम्ही सोनगीरचे, शाळेत एका बाकावरचे. तो मॅट्रिकला नापास होऊन ब्रह्मदेशातल्या तेलविहिरींवर फिटर म्हणून गेला, मी बी.एस्सी. होऊन धुळ्याला विज्ञानाचा मास्तर झालो. जपानी आले तेव्हा तो पायी परतला आणि जळगावच्या कापसाच्या प्रेसमध्ये लागला. एका रविवारी माझ्याकडे येऊन आमच्या अहिराणीत म्हणाला, “जमिनीखाले इतली गरमी शे, तरी तेल मोडत काबर नही?”

तेल फार तापलं की मोडतं, त्याचा वायू होतो, मागे कोळसा उरतो, एवढं पुस्तकात होतं. खोलवरच्या दाबाचा विचार मी कधी केलाच नव्हता. तरी ठोकून दिलं, “दाबानं तर आणखी लवकर मोडेल.”

तो हसला. “तेल मोडनं का फुगस. दाबामा फुगाले जागा कोठे शे?”

हा प्रश्न मला का पडला नाही, याची आग त्या दिवसापासून पोटात होती.

त्याने दोन जाड पोलादी नळ्या केल्या. आसामातल्या जुन्या सोबत्याकडून मागवलेलं कच्चं तेल दोन्हींत भरलं. एकीला कापसाच्या गाठी दाबणाऱ्या पंपाचा पुरा दाब दिला, दुसरीला नावापुरता. दोन्ही वितळलेल्या शिशाच्या एकाच कढईत दिवसभर ठेवल्या. थर्मामीटर माझ्या शाळेचा, आकडे मीच वाचले. निवल्यावर कमी दाबाची नळी उघडली तर फुस्स करून वायू सुटला, तळाशी काळा थर. दुसरीतलं तेल बरंचसं होतं तसंच. मोतीरामने बोट बुडवून हुंगलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, “दोन्हींना उष्णता सारखी लागली नसेल.”

एकाच कढईतल्या नळ्यांबद्दल! पण पदवी माझ्याकडे होती. त्याने प्रयोग आणखी तीनदा केला. निकाल तोच. मग सगळे आकडे टिपलेली वही माझ्या हाती दिली, “इंग्रजीमा तूच लिख. कलकत्ताना विज्ञानना मासिकले धाड.” वही दोन वर्षं माझ्या पेटीत राहिली. तो विचारी, मी म्हणे, “तपासतोय.” पुढे त्याने विचारणं सोडलं.

गेल्या आठवड्यात वही घेऊन जळगावला गेलो. त्याच्या बायकोने चहा ठेवला. त्याच्याबद्दल म्हणाली, “सगळास्ले सांगेत, मना मास्तर लिखी ऱ्हायना.” मी तिला खरं काय ते सांगून टाकलं. तिने चहा गाळून कप माझ्यापुढे सरकवला.

“त्यास्ले ठाऊक व्हतं, भाऊ,” ती म्हणाली. “म्हनेत, त्याले वेळ लागी, पन तोच लिखी.”

मी तिथेच, त्याच्या कामाच्या टेबलाशी तो इंग्रजी लेख लिहायला बसलो. पहिल्याच ओळीत “आम्ही” लिहिलं गेलं... खोडलं. तिथे त्याचं नाव घातलं.

टेबलाच्या कडेला लोखंडी पकडीत एक पितळी तुकडा आवळलेला होता, अर्धाच घासलेला. मी तो पुष्कळ वेळ न्याहाळला. तो कशासाठी करायला घेतला होता, ते मला काही केल्या कळेना.