घोड्यांवर ठेवलेला तांब्या

मी त्या घोड्यांचे गेलेले पाय परत आणले होते, आणि मालकांनी ते पूजेच्या पाण्यात घातले. तेव्हा हे बोलायची सोय नव्हती, म्हणून आता लिहितो. राग जुना झाला की निवतो म्हणतात. माझा काही निवला नाही.

दुसरं महायुद्ध संपून वर्षभर झालं असेल. मी सांगलीत एका रंगाऱ्याच्या कारखान्यात कामाला होतो. कारखाना म्हणजे काय, पत्र्याचं लांबट छप्पर आणि पुढं अंगण. दुकानांच्या पाट्या, टांग्यांच्या पाठी, बैलगाड्यांच्या साट्या, पडेल ते काम. माझं गाव मेढ्याच्या वर डोंगरात. शाळा चौथीत सुटली. घरी नाचणीच्या शेतात माझ्यावाचून काही अडत नव्हतं, खायला मात्र एक तोंड जास्त होतं. मिसरूड फुटल्यावर साताऱ्याला उतरलो, तिथून सांगलीला आलो आणि आल्या आल्या तापानं पडलो. मालकांची माझी धड ओळखही झाली नव्हती. तरी त्यांनी मला घरात घेतलं. मालकीणबाईंनी पेज भरवली, अंथरूण धुतलं. हे मी कधी विसरलो नाही, आणि अडचण तीच होती. ज्याच्या घरची पेज पिऊन उठलो, त्याच्यावर ओरडायचं कसं?

गणपती उठल्यावर वडूजकडचा एक हवालदार बैलगाडीत घालून एक मशीन घेऊन आला. पलटणीतून सुटून आलेला माणूस, डाव्या हाताची बोटं गेलेली. नांगर काही धरता येत नव्हता. छावणी मोडली तेव्हा तिथल्या कँटीनमधलं हे मशीन त्यानं लिलावात घेतलं होतं. चार पायांची लांब पेटी, वर काच, आत उतरती फळी. फळीवर बारीक खिळे आणि आकडे घातलेली भोकं. स्प्रिंगची दांडी ओढून सोडली की लोखंडी गोळी वर धावायची आणि खिळ्यांना धडकत खाली यायची. ज्या भोकात पडेल तो आकडा आपला.

हवालदार म्हणाला, "गोरं लोक तासन्‌तास ह्याच्यापुढं हुबं. परेडला तेवढं हुबं केलं असतं तर साहेबाच्या नावानं शंख केला असता."

त्याला दसऱ्याच्या मुहूर्तावर सांगलीच्याच बाजारात तंबू ठोकून हा खेळ लावायचा होता. पण फळी पार झिजली होती. तिच्यावर घोड्यांची शर्यत रंगवलेली होती आणि गोळ्या धावून धावून मधल्या घोड्यांचे पाय नाहीसे झाले होते. खालचं लाकूड उघडं पडलेलं, भोकांच्या कडांचे टवके गेलेले.

मालक म्हणाले, "ह्यात काय हाय? वरनं हिरवा हाणू, त्यावर घोडी काढू. टांग्यामागं काढतो तशी."

मी म्हणालो, "मालक, गोळी अडखळंल. ब्रशाची रेघसुदीक नडंल तिला."

"टांग्याची घोडी कवा अडखळली न्हाईत ती?"

"ती पळत न्हाईत, मालक."

हवालदार हसला. मालकही हसले, पण मग माझ्याकडं बघून म्हणाले, "मग तूच कर. ह्या फळीवर तुझं ठरवतो. जमलं तर कायमचा ऱ्हा, पाट्यांचं काम तुझ्याकडं. न्हाई जमलं तर दसरा झाला की मेढ्याची वाट धर."

ते हसत बोलले असतील. मला हसू आलं नाही.

काम कुणी शिकवलेलं नव्हतं, करता करता उमगत गेलं. आधी फळीवर तेलकागद टाकून जेवढं चित्र उरलं होतं तेवढं उतरवून घेतलं. मग खिळे एकेक करून उपसले आणि कागदावर ज्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवले, कारण एक खिळा सरकला की सगळा खेळ बदलतो. झिजलेल्या जागी चॉक आणि जवसाच्या तेलाची पुटी, आम्ही तिला लांबी म्हणतो, ती भरली, सुकू दिली, काचकागदानं घासली, परत भरली. डोळे मिटून बोट फिरवायचो. बोटाला कळलं तर गोळीलाही कळणार. घोड्यांच्या पायांसाठी टांगा अड्ड्यावर जाऊन बसायचो. टांगेवाले विचारायचे, "काय रं, घोडं घेतोस का टांग्याला जुपून घेतोस?" रंगही नवा कोरा लावला नाही. जुना तपकिरी जितका विटला होता तितकाच विटवून मिसळला. मालक येता जाता म्हणायचे, "पैठणी विणतोस व्हय रं?"

शेवटी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडी लाखेचे हात दिले. फळी आरशासारखी झाली. जुनं कुठं संपतं आणि माझं कुठं सुरू होतं ते मलाही शोधावं लागत होतं. ती दोन तिवयांवर आडवी वाळत ठेवली आणि मालकांना बजावलं, "लाख अजून कवळी हाय. पाण्याचा थेंब लागू देऊ नका. पांढरी पडंल."

"मला शिकवतोस?" ते म्हणाले.

खंडेनवमीला सकाळी मालकांनी मला झेंडू आणायला पाठवलं. गर्दी होती, उशीर झाला. परत आलो तर पूजा मांडून झाली होती. कारखान्यातली सगळी हत्यारं, ब्रश, रंधे, करवती, रंगाचे डबे ओळीनं लावून त्यांना हळदकुंकू लावलेलं. आणि मधोमध, कारण तीच सगळ्यांत सपाट आणि देखणी जागा होती, माझ्या फळीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या, त्यात विड्याची पानं, वर नारळ. भोवती ओल्या कुंकवाचं स्वस्तिक. मालकांनी फुलानं पाणी शिंपडलं होतं, त्याचे थेंब घोड्यांच्या पाठीवर उभे होते.

मी म्हणालो, "मालक, तांब्या उचला."

"मांडलेली पूजा हलवत्यात का? उद्या उत्तरपूजा झाली की उचलू."

"आवं, फळी जाईल ती."

"देवाच्या पाण्यानं काय जातं रं?"

मी मालकीणबाईंकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातली. स्पिरिटची बाटली समोर होती, चिंधी समोर होती. तेवढा ओलावा तेव्हाच टिपला असता तर काही बिघडलं नसतं. पण बाटलीलाही हळदीचं बोट लागलं होतं. खंडेनवमीला पूजेत बसलेल्या हत्याराला हात लावायचा नाही, हे मला मालकांनी सांगायची गरज नव्हती. आमच्या डोंगरातही त्या दिवशी कोयत्याला कुणी शिवत नाही. मी दिवसभर अंगणात बसून राहिलो आणि तांब्याच्या बुडाशी लाख ढगाळत गेलेली बघत राहिलो. आधी दुधी, मग चुन्यासारखी. माझ्या हातापायांत शक्ती होती, औषध दोन हातांवर होतं, आणि मी हात मांडीखाली घालून बसलो होतो. असा राग मला त्याआधी कधी आला नव्हता. देवाचा नव्हे. मालकांचाच. मी सांगितलं होतं. ऐकलं असतं तर तांब्या पाटावर ठेवता आला असता, घरात पाट काय कमी होते?

दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा करून मालकांनी तांब्या उचलला. मधल्या घोड्याच्या छातीवर पांढरं कडं उमटलं होतं आणि पायांवर कुंकू लाखेत मुरून बसलं होतं. तेवढ्यात हवालदाराची गाडी अंगणात आली. तो वाकून बघू लागला.

"आवं मालक, हे पांढरं काय झालं?"

मालक माझ्याकडं न बघता म्हणाले, "पोरानं पॉलिश कच्चं ठेवलं. चालायचंच, नवीन हाय."

मला वाटतं माझे कान गरम झाले ते तिथपासून. मी म्हणालो, "पॉलिश कच्चं न्हवतं, हवालदार. वर पाण्याचा तांब्या ठेवला. मी नको म्हणत हुतो."

हवालदारानं मालकांकडं बघितलं, मालकांनी बैलांकडं. एका बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली.

"जरा थांबा," मी म्हणालो. "स्पिरिटचा हात फिरवतो, सगळं निघंल."

"कुंकूबी निघंल?"

"व्हय, तेबी."

हवालदारानं ताठ होऊन माझ्याकडं बघितलं. "गड्या, दसऱ्याच्या दिशी देवीचं कुंकू पुसून खेळ लावू? माझी बोटं गेली तवा मी जित्ता कुणामुळं ऱ्हायलो? ऱ्हाऊ दे तसंच. शकुनाचं हाय."

"कुंकू ठेवतो. पांढरं तेवढं काढतो."

"पांढऱ्यालाबी हात लावू नगंस म्हनलं ना."

मालकांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं. मी कागद बघून खिळे ज्याच्या त्याच्या जागी ठोकले आणि मालकांनी स्वतः फळीला एका बाजूनं हात घातला. फळी पेटीत बसली, काच बसली. हवालदारानं गोळी सोडून बघितली. ती सुरेख धावली, आणि पांढऱ्या कड्यावर आल्यावर केसभर डावीकडं वळली. माझ्याशिवाय ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. हवालदार खूश होऊन, मालकांच्या पाया पडून गेला.

गाडी वळणाआड गेल्यावर मालक म्हणाले, "काम बेस झालंय. पाट्या तुझ्याकडं, ऱ्हा हितंच. पण गिऱ्हाइकापुढं मला असं पुन्यांदा बोलायचं न्हाई."

मला मेढ्याचा घाट दिसला, घरातली चूल दिसली.

"व्हय, मालक," मी म्हणालो.

त्यांनी आपट्याचं पान हातात दिलं. मी वाकून पाया पडलो. पडायचंच होतं, त्या पायांचं मी देणं लागत होतो. मग छपराखाली जाऊन बाटलीवरची हळद पुसली आणि ब्रश धुवायला घेतले. इतक्या जोरानं धुतले की खारीच्या केसांचा, बारीक रेघांचा, कारखान्यातला सगळ्यांत चांगला ब्रश माझ्या बोटांत विस्कटून आला. मालकांनी तो बघितला आणि बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी माझ्या जागेवर तसाच नवा ब्रश आणून ठेवला होता. त्याचाही मला राग आला.