पासपोर्टातली मिशी

पासपोर्टात मला मिशी होती आणि तोंडावर नव्हती. एवढंच झालं होतं. पण तेवढ्यावरून सांताक्रूझच्या विमानतळावर मला ज्या साहेबानं अडवून धरलं, त्याच्यावरचा माझा राग आजही पुरता गेलेला नाही. आणि बरोबर त्याचंच होतं, हेही मी नाकारत नाही.

मी निजामपुऱ्यात जॉबर होतो. लूम, म्हणजे कापड विणायचा माग, बिघडला की तो मार्गी लावणारा तो जॉबर. शिक्षण म्हणाल तर चौथीत गेलो आणि चौथीतूनच बाहेर आलो. पण लूमच्या नुसत्या आवाजावरून कुठं काय ढिलं झालंय ते सांगायचो. केनियात कुणा शेठची कापडगिरणी होती, त्याला इकडचे जॉबर हवे होते. धामणकर नाक्यावरच्या एजंटानं माझं नाव दिलं आणि मग कागद सुरू झाले. रेशनकार्ड आणा, शाळेचा दाखला आणा, तहसीलदाराचा शिक्का आणा, पिवळ्या तापाची सुई टोचून तिचं पिवळं कार्ड आणा. पोलीस चौकशीला आमच्या पूर्णा गावात आले तेव्हा आख्ख्या गावाला वाटलं, मी काहीतरी करून बसलोय. आमची आय तर दाराआड जाऊन बसली.

मुंबईच्या पासपोर्ट ऑफिसात कारकुनानं विचारलं, "दिसेल अशी काही खूण?"

पोटरीवर लूमचं शटल उडून लागल्याचा व्रण होता, तो मी लेंगा वर करून दाखवायला लागलो.

"तोंडावर काही आहे का?"

"मिशी लिवा की."

तो हसला. "अहो, मिशी काय खूण असते? ती उद्या काढाल तुम्ही."

"माझी मिशी कोन काढतो ते बघतोच," मी म्हणालो. त्यानं खुणेपुढं 'नाही' लिहिलं. फोटो मात्र झकास आला होता. तेल लावून, टोकं वर वळवून काढलेला.

पासपोर्ट आला, तिकीट आलं. शेठनं सांगून ठेवलं होतं, अमक्या विमानानं आला नाही तर जागा दुसऱ्याला. आणि विमानाला अकरा दिवस असताना आमचा बापूस गेला. सकाळी शेतावर जाऊन आला, छातीत कळ आली आणि दिवस मावळायच्या आत संपला.

हिशेब सगळ्यांनीच मनातल्या मनात केला. दहावं माझ्या हातानं होणार होतं, पण तेराव्याला मी इथं नसणार. आणि दहाव्याला केस द्यायचे असतात. डोक्याचे, दाढीचे, मिशीचे. आमच्यात सगळी भावकी देते.

एजंट समाचाराला आला आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, मिशीला हात लावू नका हां. फोटो आणि माणूस एकच दिसला पाहिजे. तिथून परत पाठवलं तर मी काही करू शकत नाही."

मला वाटलं होतं काका भडकेल. तो बापसाचा सख्खा भाऊ, रीतीभातीचा कडक. पण तोच म्हणाला, "तू नको काढू. धाकटा काढील. तू न्हाव्याच्या हातात एक बट दे, झालं. तुझा बापूस काय रागवायचा न्हाय."

धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, मी हाय ना. तू जा."

"आग कोनी दिली?" मी विचारलं.

"तू."

"मग केस धाकट्याचे कसे चालतील?"

आयनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि चुलीकडे तोंड फिरवलं. ते दहा दिवस मी घरात बसलो असं झालंच नाही. ओटीवरून पारावर, पारावरून खाडीच्या बांधावर, परत ओटीवर. तिथं नोकरी होती, घरावर कौलं आली असती, धाकट्याचं लग्न झालं असतं. पण तेराव्याला मी आभाळात असणार, आणि बापसाला द्यायला माझ्याकडं त्या केसांशिवाय होतं काय?

दहाव्याला नदीवर न्हाव्यासमोर पहिला मीच जाऊन बसलो. काका कपाळावर हात मारून म्हणाला, "जलमाचा हट्टी!" मग तोही बसला आणि त्याच्यामागं सगळी भावकी.

विमानतळावर आम्ही कापडाच्या गाठी वाहणाऱ्या टेम्पोतून गेलो. आत एकट्यालाच सोडतात. पासपोर्ट बघणाऱ्या साहेबानं फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो.

"ये कौन है?"

"मैं है."

"टोपी निकालो."

टोपी काढली. त्याचं तोंड आणखीच वाकडं झालं. त्यानं मोठ्या साहेबाला बोलावलं. तो मराठी निघाला.

"मिशी कुठाय तुमची?"

"बापाला दिली."

"म्हणजे?"

"बापूस गेला साहेब. परवाच दहावं झालं."

"मृत्यूचा दाखला आहे?"

नव्हता. पंचायतीत अजून कोणी गेलंच नव्हतं. इतके कागद गोळा केले, पण हा कागद लागेल असं एजंटालाही सुचलं नव्हतं. साहेब म्हणाला, "दुसऱ्याच्या पासपोर्टावर जाणारे रोज पकडतो आम्ही. सगळ्यांचे बाप मेलेले असतात."

माझ्या मुठी वळल्या. तोंडातून शब्द निघाला असता तर तिथंच सगळं संपलं असतं, म्हणून येरझाऱ्या घालायला लागलो. "एका जागी उभे राहा," शिपाई ओरडला. राहिलो, हातातली टोपी चुरगाळत. माझ्यामागची रांग शिक्के घेऊन पुढं गेली. भोंग्यावरून विमानाचं सांगत होते. पहिल्या साहेबानं फोटोतल्या मिशीवर अंगठा ठेवला, दुसऱ्या हातानं केस झाकले. "सर, अब थोड़ा लगता है."

"थोडा लागून चालत नाही," मोठा म्हणाला. मग मला विचारलं, "सोबत कोणी आलंय?"

"भावकी आलीय. बाहेर हाय."

"चला, दाखवा."

बाहेर भिंतीला टेकून आमची माणसं ओळीनं बसली होती. उकाड्यानं टोप्या काढून वारा घेत होती. काका, धाकटा, चुलतभाऊ, सगळ्यांची गुळगुळीत डोकी ट्यूबलाईटखाली चमकत होती. मिशी एकालाही नाही. साहेब दारातच थांबला.

मला बघून काका धडपडत उठला. "काय रं, न्हाय घेत काय तुला?"

मी साहेबाकडं बोट केलं. काका साहेबाकडे वळला. "साहेब, यानं ऐकलं न्हाय आमचं. सगळ्यांनी सांगितलं, तू नको काढू, आम्ही काढतो. आग मी दिली म्हनतो, केस पन मीच देनार. आता तुमीच सांगा याला काय ते."

साहेब एकेका डोक्याकडे बघत होता. "किती दिवस झाले?"

"उद्या तेरावं," धाकटा म्हणाला.

साहेब आत वळला. चालता चालता म्हणाला, "तेराव्याला थांबला असता तर?"

"जागा गेली असती."

"आणि मिशी ठेवली असती तर?"

मी टोपी डोक्यावर चढवली. त्यानं स्वतःच्या हातानं शिक्का मारला.

पुढं अंग चाचपणारा शिपाई होता. विमानं पळवण्याचे प्रकार तेव्हा सुरू झाले होते. माझ्या कमरेला सवयीनं खोचलेला पाना त्याच्या हाताला लागला.

"ये क्या? जहाज़ रिपेअर करेगा?"

"लूम करतो," मी म्हणालो. त्यानं पाना ठेवून घेतला, उतरल्यावर मिळेल म्हणाला.

विमानात जीव जागेवर येईना. इकडच्या साहेबाला भावकी दाखवली, तिकडं कोणाला दाखवणार? ओठावरून हात फिरवला तर खुंटसुद्धा धड लागत नव्हते. दोनदा उठलो, दोनदा विमानातल्या बाईनं खांद्याला धरून बसवलं. तिकडच्या साहेबाला काय सांगायचं, हातवारे कसे करायचे, डोकं कसं दाखवायचं, सगळं मनात जुळवत होतो.

नैरोबीला माझी पाळी आली. मी टोपी आधीच काढून हातात धरली होती. त्या साहेबानं पिवळं कार्ड मागितलं, सुईची तारीख नीट वाचली, आणि पासपोर्टाचं फोटोचं पान न बघताच शिक्का मारून बोटानं मला पुढं जायला सांगितलं.

मी तिथंच उभा राहिलो. मागचा माणूस ढकलायला लागला तरी हललो नाही. सुटलो याचा आनंद व्हायला हवा होता. पण बापूस गेला होता माझा, आणि हा माणूस मिशी कुठाय एवढंसुद्धा विचारत नव्हता.