फळ्याचा उजवा कोपरा

बातमी आली तेव्हा मी दौंडला, आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये उभी होते. दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल चालू होतं. जुन्या बॅचच्या ग्रुपवर एवढीच ओळ आली, ‘साळवे सर गेले.’ मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि एका मुलाच्या प्रोग्रॅममधली चूक दाखवायला वाकले. काय दाखवलं ते आता आठवत नाही. त्याला पाच-सहा आठवडे झाले. सरांबद्दल लिहायला बसते आणि आधी एक गोष्ट कबूल करावी लागेल असं वाटून उठते...

साळवे सरांनी शिरूरला आम्हाला बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला ‘सी’ ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवली. मी केंदूरची, घरात कॉम्प्युटर पाहिलेलं माणूस नाही. वाटलं होतं, कॉलेजात गेलं की मशीनसमोर बसायचं. कसलं काय! सरांचा नियम होता, प्रोग्रॅम आधी कागदावर चालवायचा. एकेक ओळ बोटाखाली धरायची, कुठल्या नावात, म्हणजे व्हेरिएबलमध्ये, आता कोणती किंमत आहे ते शेजारी लिहीत जायचं. सर तो कागद बघणार, सही करणार, मग लॅबचं दार. अर्धा सप्टेंबर मी दाराबाहेर काढला. सर तापट होते. खडू फेकायचे आणि नेम चुकायचा नाही. कौतुक मात्र मोजून-मापून. ‘बरंय’ म्हणाले की पोरं चहा पाजायची. हजेरी गावाच्या नावानं. “केंदूर, उठ.” “रांजणगाव, खिडकीत काय हाय?” ते स्वतः इनामगावचे. जर्नल अपुरं दिसलं की म्हणायचे, “आमच्या गावात हजारो वर्षांपूर्वीची मडकी सापडत्यात, आन् तुमची मागच्या आठवड्याची जर्नलं सापडंनात!”

दुसऱ्या सत्रात एके दिवशी सरांनी घाईघाईत फळ्यावर एक प्रोग्रॅम लिहिला. दिलेल्या यादीतून सगळ्यांत मोठी संख्या शोधायची. सुरुवातीला ‘सर्वांत मोठी’ म्हणून शून्य धरायचं, मग एकेक संख्या तिच्याशी ताडून बघायची, मोठी निघाली की ती ठेवायची. मी सवयीनं कागदावर चालवून पाहिला आणि उगाच उणे संख्या घेतल्या. उणे पाच, उणे दोन, उणे नऊ. उत्तर आलं शून्य. शून्य तर यादीतच नव्हतं! तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा शून्य. मग मी खोडरबर काढला आणि सगळं पुसून टाकलं. सरांची चूक काढायची, ती कोणी, तर मी? माझंच काहीतरी राहिलं असेल असं मनाशी म्हणाले, फळ्यावरचं जसंच्या तसं जर्नलमध्ये उतरवलं आणि पाठही केलं. चूक दिसली सरांच्याच शिकवणीनं आणि तोंड बंद राहिलं त्यांच्याच धाकानं.

वार्षिक प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक आले. नेमका तोच प्रोग्रॅम. त्यांनी तपासायला संख्या दिल्या, सगळ्या उणे. सगळ्या स्क्रीनवर शून्य आलं. ओळी त्याच, नावं तीच, चूकही तीच. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. “ही सरळ सरळ कॉपी आहे. मी सगळ्यांना नापास करणार.” अख्ख्या बॅचचं वर्ष गेलं असतं. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून साळवे सर उठले.

“पोरांनी कॉपी न्हाई केली, साहेब. फळ्यावरचं उतरवलंय. आन् फळ्यावर मी लिहिलं व्हतं. चूक माझी हाय.”

शिपाई, लॅब असिस्टंट, आम्ही, सगळ्यांसमोर. आमच्या भागात सोसायटीच्या चेअरमनपासून घरच्या आबांपर्यंत मी मोठी माणसं पाहिली आहेत. चूक अंगाशी आली की त्यांचा आवाज चढतो. सरांचा उतरला होता. परीक्षकांनी पेन परत उचललं, म्हणाले, पंधरा मिनिटांत दुरुस्त करा. मी दोन मिनिटांत केलं. शून्याऐवजी यादीतली पहिली संख्या धरायची, बस्स. मान वळवली तर मागे सर उभे.

सगळे पास झालो. पण त्या संध्याकाळी सरांनी मला थांबवलं.

“केंदूर, तुला आधीच कळलं व्हतं.”

“...व्हय सर.”

“कवा?”

“तुम्ही लिहिलं तवाच.”

“मग तोंड शिवलं व्हतं का तुझं?”

मला रडूच फुटलं. सर मटकन बाकावर बसले. म्हणाले, “म्हंजी मी इतका वरडलो, की बरोबर असणारी पोरगीबी गप बसली. ही माझी दुसरी चूक.”

पुढच्या वर्षी पहिल्याच तासाला त्यांनी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट आखली. सरांची चूक जो काढेल, त्याचं नाव तिथं, आठवडाभर पुसायचं नाही. पहिलं नाव सरांनी स्वतः लिहिलं, माझं. केंदूर नाही, माझं, वडिलांचं, आडनाव, पूर्ण. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हा विषय माझाही आहे. खडू मात्र ते निवृत्त होईपर्यंत फेकत राहिले.

शेवटची भेट इनामगावात, त्यांच्या अंगणात. आजारानं पार वाळले होते. दौंडला शिकवते म्हटल्यावर खूश झाले आणि लगेच विचारलं, “तुझी चूक काढत्यात का पोरं?” मी म्हणाले, “काढतात की.” साफ खोटं. माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते, आणि मला त्याचा अभिमान होता. मुलं मोबाईलला विचारून प्रोग्रॅम उतरवतात, मी लिहिलेलाही तसाच उतरवतात. विचारत कोणी नाही. सर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “बरंय.” त्यांना कळलं होतं. माझं सगळंच त्यांना आधी कळायचं.

सरांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेले, पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांत बसून वंदना ऐकली, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन चौकट आखली. तिचा अर्थ सांगितला. तीन आठवडे ती रिकामी. गेल्या गुरुवारी मी सगळ्यांत मोठ्या संख्येचा तोच प्रोग्रॅम, पहिली संख्या धरून, फळ्यावर लिहिला आणि पाटसची एक मुलगी उभी राहिली, घाबरून ओढणीचं टोक पिळत. “मॅडम, तुमची तिसरी ओळ... यादी रिकामी असली तर?” खरं सांगते, माझा आवाज चढणारच होता. तोंड उघडलं आणि मिटलं. फळ्याकडे पाहिलं. पोरगी बरोबर होती, रिकाम्या यादीत पहिली संख्या येणार कुठून? मी तिच्या हातात खडू दिला. “पाटस, ये. पूर्ण नाव लिही.”

संध्याकाळी शिपाईमामा फळा पुसायला आले. कोपऱ्यापाशी हात थांबला.

“मॅडम, हे पुसू का?”

“नको मामा. आठवडाभर राहू द्या.”

त्यांनी डोळे बारीक करून चौकटीतलं वाचलं. “नाव तर पोरीचं हाय. तिची चूक हाय व्हय?”

“नाही मामा,” मी म्हणाले, “माझी.”