अर्ध्या गोळीची खूण

ऑफिसात तिला सगळे बटणताई म्हणत. दिवसभर ती साध्या फोनांची बटणं दाबत बसे. तिच्या कंपनीचं एक छोटं अ‍ॅप होतं. औषधाची वेळ झाली की फोन वाजायचा आणि किती गोळ्या घ्यायच्या ते पडद्यावर दिसायचं. बावीस देश, शंभरावर मॉडेलं आणि प्रत्येकाचे नखरे वेगळे. एकाचा पडदा काडेपेटीएवढा, दुसऱ्याची मेमरी चार फोटोंत भरायची. बटणताई प्रत्येक फोनवर अ‍ॅप चालवून बघायची, मगच यादीत 'पास' लिहायची.

एकदाच तिने फोन हातात न घेता पास लिहिलं. ते मॉडेल लांबच्या एकाच देशात विकलं जायचं; मागवायला दीड महिना लागला असता. साहेब म्हणाले, "अगं, आपल्याकडे आहे त्याचंच ते जुळं भावंड. दे लिहून." तिने दिलं.

पाच महिन्यांनी त्याच मॉडेलचा एक फोन पार्सलने आला; तिथल्या दवाखान्याने तो रुग्णाला अ‍ॅपसकट दिला होता आणि बटण अडकतं म्हणून परत पाठवला होता. जेवणाच्या सुट्टीत तिने तो सहज चार्जिंगला लावला. थोड्या वेळाने आठवण वाजली. पडद्यावर त्या भाषेतला 'गोळी' हा शब्द, आणि त्याच्या आधी नुसती मोकळी जागा.

तिथे अर्ध्याची खूण, ½, हवी होती. या फोनच्या अक्षरांत ती खूणच नव्हती. म्हणजे अर्धी गोळी घेणारे पाच महिने अख्खी घेत असणार, आणि गोळी रक्त पातळ करणारी. तिच्या आईलाही तीच चालू होती. जास्त झाली तर आतल्या आत रक्त वाहतं, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. समोरचा घास तसाच ठेवून ती साहेबांकडे गेली.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आज शुक्रवार. सोमवारी मीटिंग लावतो. उगाच गवगवा नको."

"सोमवारपर्यंत अजून तीन गोळ्या पोटात जातील, साहेब."

"तू शांत हो बरं आधी."

ती शांत झाली नाही. जिन्यात जाऊन तिने तिथल्या दवाखान्याच्या नर्सला फोन लावला. दोघींचं इंग्रजी मोडकंतोडकं, लाइन खरखरत होती.

"अर्धी गोळी घेणारे किती आहेत तुमच्याकडे?"

"एक्केचाळीस. का हो?"

बटणताईने पडद्यावरच्या मोकळ्या जागेचं सगळं सांगितलं. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. ती मनात म्हणाली, गेलं कोणीतरी. नक्की गेलं.

"दोन बायका वॉर्डात आहेत," नर्स म्हणाली. "नाकातून रक्त थांबत नव्हतं. आम्हाला कारणच कळेना. ठेवा फोन, मी यादी घेऊन निघते."

त्यानंतरचे दोन दिवस कसे गेले ते तिला धड सांगता येत नाही. घरात फोन वाजला की ती दचकायची, आणि वाजला नाही की त्याहून जास्त घाबरायची. आई म्हणाली, "अगं, चेहरा बघ कसा पांढराफटक पडलाय. झालंय काय?" तिला आईकडे बघवेना.

रविवारी दुपारी नर्सचा फोन आला. बऱ्याच जणांना घरच्यांनी डॉक्टरांचा कागद बघून अर्धीच दिली होती. नऊ जण अख्खी घेत होते. सगळे जिवंत होते, वॉर्डातल्या दोघीही. यादीतला शेवटचा एक म्हातारा, मासेमारीची जाळी विणणारा, लेकीकडे राहायला गेलेला. त्याला शोधायलाच उशीर झाला. "तो फोनचा फक्त टॉर्च वापरतो," नर्स म्हणाली, आणि दोघींना रडता रडता हसू आलं.

सोमवारच्या मीटिंगमध्ये तिने सगळ्यांसमोर सांगितलं, "फोन न बघता पास मी लिहिलं." साहेब हळूच म्हणाले, "मी लिहायला लावलं." त्याच आठवड्यात प्रत्येक भाषेत 'अर्धी' हा शब्द अक्षरांत लिहिला गेला, आणि त्या फोनांवरचं अ‍ॅप नर्सने घरोघर जाऊन बदललं.

वॉर्डातली एक बाई बरी झाल्यावर नर्सच्या फोनवरून बटणताईशी बोलली. तिची भाषा हिला कळली नाही. आवाज रागाचा होता की मायेचा, हेही कळलं नाही, आणि नर्सला विचारायचं धाडस तिला अजून झालेलं नाही.