शनिवारी भेटणारे बाबा

माझे वडील वारल्यानंतर तीन वर्षांनी मला दर शनिवारी भेटायला लागले.

मारुतीचा शनिवार मी कडक धरायचो. दिवसभर नुसतं पाणी, आणि सूर्य मावळला की गूळ-फुटाण्याचा प्रसाद खाऊन उपास सोडायचा. वर्ध्याकडच्या तळेगावला आमची वांग्यांची वाडी आहे. दुपारी वांगी तोडता तोडता पानं धूसर व्हायची, टोपली हलकी व्हायची, आणि बाबा पाटाच्या कडेला उकिडवे बसलेले दिसायचे.

"काऊन बे, पाणी सोडलं का नाई?" एवढंच विचारायचे.

घामानं सदरा चिंब असायचा, हात कापायचे, पण फार बरं वाटायचं. संध्याकाळी गूळ तोंडात पडला की सगळं पुन्हा लख्ख. मारुतीची कृपा झाली, असं मी बायकोला सांगितलं आणि शहाण्यासारखा मंगळवारही धरला.

मग एका मंगळवारी मी बायकोलाच ओळखलं नाही. म्हणे, मी तिला विचारलं, "मावशी, वांगे कितीक देऊ?" तिनं मला तसंच एसटीत बसवलं. वाटेत साखर घातलेला चहा पाजला, तेव्हा कुठे मी माणसात आलो.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, भरती करून उपाशी ठेवून बघावं लागेल. "उपाशी राहाले मी पक्का हाओ," मी ऐटीत म्हणालो. बोट टोचून टोचून ते साखर मोजत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा माझ्या पायथ्याशी येऊन बसले. तेवढ्यात नर्सनं शिरेतून साखर सोडली आणि ते बसल्या जागी विरून गेले.

स्वादुपिंडात बोराएवढी गाठ निघाली. फार थोड्या लोकांना होते म्हणतात. ती नको तितकं इन्सुलिन सोडते, रक्तातली साखर उतरते आणि उपाशी डोक्याला भलतंच दिसतं. यकृतातही तिचे ठिपके पसरले होते. पूर्ण जाणार नाही, पण आवरता येईल, डॉक्टर म्हणाले. उपास मात्र बंद, नाहीतर एखाद्या दिवशी डोळेच उघडायचे नाहीत.

मला यकृतापेक्षा बाबांचं जास्त वाईट वाटलं.

आता ती गाठ आवरायच्या सुया चालू आहेत. सकाळी बायको गोड चहा आणते आणि कप देण्याआधी विचारते, "मी कोण हाओ?" मी मुद्दाम उशीर लावायचो. एकदा ती कप तसाच ठेवून साखरेचा डबा आणायला धावली, तेव्हा ती थट्टा सोडली.

मागच्या शनिवारी मात्र मी कप बाजूला सारला. "आजच्या दिवस राहू दे. एक डाव भेटतो बाबाले."

ती ओरडली नाही. पलंगाच्या कडेला बसली. "भेटा," म्हणाली. "पण मंग उद्या मी कोणाले पुसू, मी कोण हाओ म्हणून?"

मी चहा प्यालो. वाडीत गेलो तेव्हा पाटाच्या कडेला कोणीच नव्हतं. मी वांग्यांना पाणी दिलं आणि त्या रिकाम्या जागेकडे बघून मोठ्यानं सांगितलं, "सोडलं पाणी, बाबा."