कॅक्टसची हिवाळी उपासमार

"बाई, हे तर मेले सगळे. उपटा आणि झेंडू लावा," मेश्रामसाहेब म्हणाले.

डिसेंबरातली सकाळ होती. साल ऐंशीनंतरचं. गडचांदूरजवळच्या एका सिमेंट कारखान्याच्या कॉलनीत मी बागेची सुपरवायझर होते आणि मेश्राम आमचे कॉलनी ऑफिसर. खाणीतल्या दगडांचं एक रॉक गार्डन मी हौसेनं केलं होतं. फटींमध्ये वाळू आणि विटांचा चुरा भरून त्यात मॅमिलेरिया लावले होते. हा कॅक्टस म्हणजे मुठीएवढा काटेरी गोळा. फुलला की डोक्याभोवती फुलांचं कडं धरतो. पावसाळ्यात टम्म असलेले गोळे आता सुरकुतून खाली बसले होते.

"मेले नाहीत, सर. मीच पाणी बंद केलंय."

"का?"

मी समजावलं. आपल्याकडची थंडी याला मारत नाही. थंडीतली ओल मारते. माती कोरडी असली की हा अंगातलं पाणी कमी करतो, आतला रस दाट होतो आणि गारठा निभावतो. वर ही विश्रांती मिळाली तरच कळ्या चांगल्या धरतो.

"मार्चमध्ये डायरेक्टर येताहेत," साहेब म्हणाले. "तोवर फुलं दिसली नाहीत, तर झेंडू."

जानेवारीत एका कोपऱ्यातले गोळे एकाएकी टवटवीत झाले. म्हणजे कुणीतरी चोरून पाणी घालत होतं. थोड्याच दिवसांत त्यातला एक बोटानं दाबला, तर बोट आत गेलं. खालची माती ओली होती.

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले. साहेबांच्या आई लोट्यानं पाणी घालत होत्या. अख्खी कॉलनी त्यांना माय म्हणायची.

"माय, हे काय करता?"

"काऊन वं पोरी? तहानेनं जीव चाल्ला त्याचा. तुले दिसून नाई राह्यलं?"

मी तो मऊ गोळा त्यांच्यासमोर कापला. आत तपकिरी चिखल. मायनं वास घेतला आणि लोटा खाली ठेवला.

"म्या मारलं का वं याले?"

"तुम्ही मायेनंच घातलं पाणी. पण त्याची झोपायची वेळ होती."

"मंग आधी सांगाचं ना, बाई!"

कुजलेले गोळे काढून मी बाकीच्यांची माती सुकवली. त्या दिवसापासून माय ऊन खायला रॉक गार्डनपाशीच बसू लागल्या. हातात काठी. माळी तिकडून पाईप न्यायलाही घाबरायचे. डायरेक्टरांची तारीख जवळ आली तसा साहेबांचा धीर सुटला. एकदा ते स्वतःच झारी घेऊन आले.

"ठेव ते खाली!" माय ओरडल्या. "साहेब असशीन ऑफिसात. इथी झोपून राह्यले ते."

साहेब झारी घेऊन आल्या पावली परत गेले. मी झाडामागे तोंड दाबून हसले.

फेब्रुवारी सरताना गोळ्यांवर गुलाबी ठिपके दिसले. उन्हं तापली तसं मी बेताबेतानं पाणी सुरू केलं. आणि मार्चमध्ये सगळं रॉक गार्डन गुलाबी झालं. कॉलनीतल्या बाया पोरांना कडेवर घेऊन बघायला येत. कोरपन्याहून मायच्या बहिणी आल्या. मला तर कामाला जावंसंच वाटेना, नुसतं तिथं उभं राहावंसं वाटे.

डायरेक्टरांनी विचारलं, "कुणाची मेहनत ही?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मायकडे बोट केलं.

"म्या काई नाई केलं," माय म्हणाल्या. "कोनाले करूबी नाई देल्लं."

पुढे मी बऱ्याच बागा सांभाळल्या. पाणी घालायला माणसं कुठंही मिळाली. न घालायला मात्र दरवेळी माणूस शोधावं लागलं.